दादाची डबी

माझ्या दादाने जन्मभर पाट्या रंगवल्या. त्यातल्या निम्म्या ‘येथे थुंकू नये’ अशा. तो स्वतःही कधी थुंकला नाही. खोकला आला की तोंड फिरवून मुकाट्याने गिळून टाकायचा. असा टापटिपीचा माणूस कोरोनाने वॉर्डात पडला.

ताप उतरला, आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, आणि ताप उलटला. डॉक्टर म्हणाले, कोरोनाच्या पाठोपाठ फुफ्फुसात दुसरंच काहीतरी शिरलंय. ते काय आहे हे कळलं तरच नेमकं औषध देता येईल. त्यासाठी छातीतून खोकून काढलेला कफ हवा होता. तो तपासायचं काम रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचं, म्हणजे माझंच.

पहिल्या डबीत आली नुसती लाळ, पाण्यासारखी. तिच्यात छातीतलं काही नव्हतंच. मी ती टाकून दिली आणि किट चढवून थेट त्याच्या खाटेशी गेले.

“दादा, ही थुंकी काय कामाची? खोलातून खोकून काढ.”

“एवढ्या नर्सबायकांसमोर? अगं, जन्मभर लोकांना थुंकू नका म्हणालो मी.”

“आणि तुझ्या पाट्या वाचून आजवर कोण थांबलंय?”

तो हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली. शेजारच्या खाटेवर निवृत्त बसड्रायव्हर होते. खोकून खोकून बेजार झालेले ते काकाही हसले. “उद्या डबी नीट भरली नाहीस तर माझ्याशी गाठ आहे,” असं दटावून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी डबी आली. घट्ट, पिवळा कफ. लेबलवर त्याचं नाव त्याच्याच हातचं, पाटीवर काढावं तसं वळणदार. एवढ्या आजारातही रेघ कुठे हलली नव्हती. मला हायसं वाटलं. तो कफ मी काचेच्या बशीत पेरला. तिच्यात जंतू वाढले, ते कशाने मरतात तेही कळलं, आणि दादाला इंजेक्शनं सुरू झाली.

पण त्याला काही उतार पडेना. डॉक्टर चक्रावले. मी बशी पुन्हा पुन्हा तपासली. चूक कुठेच सापडेना.

वॉर्डात गेले तर दादा ग्लानीत होता. काकांनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला. त्यांचाही श्वास भात्यासारखा चालला होता.

“पोरी, गुण का येत नाही गं याला? डबी तर मी चांगली भरून दिली होती.”

“तुम्ही?”

“त्याला कफ सुटेना. म्हणाला, बहीण चिडेल. मी म्हटलं, आण इकडे, माझ्याकडे काय तोटा आहे? आजार दोघांचा एकच की!”

काकांच्या छातीतल्या जंतूंचं औषध दादाच्या शिरेत जात होतं, आणि काका औषधावाचून खंगत होते. दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटलं मला. अरे वेड्या, मी चिडेन म्हणून? चिडले असते, तर काय खाल्लं असतं का तुला?

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. काकांना इंजेक्शन सुरू झालं. दादाच्या घशात नळी घालावी लागली, तिच्यातूनच कफ ओढून घेतला. तिसऱ्या डबीवर नर्सचं घाईतलं, वेडंवाकडं अक्षर होतं. आतला कफ मात्र या वेळी दादाचाच होता.

त्यात बुरशी निघाली. बुरशी सावकाश वाढते. ती बशीत दिसली तोवर दादाची खाट रिकामी झाली होती.

काकांना घरी सोडलं तेव्हा ते प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना खोकला आला. मला बघून ते ओशाळले, तोंड फिरवलं आणि गिळायला लागले, अगदी दादासारखे.

“थुंका, काका!” मी ओरडले. हाताला लागली ती रिकामी डबी त्यांच्यापुढे धरली. “थुंका हो! गिळू नका!”

ते थुंकले. मी डबी हातात धरून तिथेच रडत बसले.