कपाटावरचं मशीन

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर संचितानं चपला काढून हातात घेतल्या. किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून मुठीत आवळला. डोकं दुखतंय अशी थाप मारून ती केबिन रोडच्या दुकानातल्या कामावरून भरदुपारी निघाली होती. आज सासूबाईंना रंगेहाथ पकडायचंच.

पाणी कुठंतरी मुरतंय, हे तिला कधीचं कळलं होतं. रोज संध्याकाळी घरी यावं, तर लेकीच्या, दिव्याच्या कानावर ऐकायचं मशीन नाहीच! डोक्याला चिकटायची चुंबकाची चकती खुशाल लोखंडी कपाटाला चिकटलेली आणि सहा वर्षांची पोर खाली मान घालून चित्रं काढतेय. दोन वर्षांपूर्वी कानाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, जागेपणी मशीन उतरवायचं नाही, नाहीतर ऐकायची सवय लागणार नाही. सासूबाईंचं मात्र ठरलेलं उत्तर.

"कानामागे घाम आलेला गो. मीच काढून ठेवलं."

घाम कसला डोंबलाचा! सासूबाईंना, मंदाबाईंना ते ऑपरेशनच पसंत नव्हतं. दिवसभर नातीला बहिरी ठेवून त्या आपलंच खरं करतायत, असं संचिताच्या मनानं घेतलं होतं. मग ती स्वतः मशीन परत लावायची आणि पोरीला समोर बसवायची. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडावर हात धरायची.

"ऐक. शाळा. सा नाही, शा. परत म्हण."

दिव्या खाली मान घालायची. पालथ्या घड्यावर पाणी. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं होतं, "घरी खूश असते ना ती?" त्यावर संचिता फटकन म्हणाली होती, "खुशीचं काय घेऊन बसलात, आधी बोलू दे."

दार वाऱ्यासाठी उघडं होतं. सेफ्टी डोअरच्या जाळीला तिनं डोळा लावला आणि जागीच थिजली.

मशीन कानावर होतं.

दिव्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या पाठीमागे मंदाबाई फतकल मारून बसल्या होत्या, भोवती स्वयंपाकघरातले डबे. त्यांनी एक डबा खुळखुळवला.

"वाताने!" दिव्या ओरडली.

"वाटाणेच गो माझे बाय! आता ह्यो?"

"तांदू!"

दोघी खिदळल्या. चुकलेलं अक्षर कुणी सुधारलं नाही, कुणी परत म्हणायला लावलं नाही. पोरगी ऐकतेय! बोलतेय! पण लगेच संशयानं पुन्हा डोकं वर काढलं. दिवसभर मशीन लावतात, मग आपल्या यायच्या वेळेलाच का काढतात? आपल्याला छळायला? तिनं रागानं जाळीवर हात ठेवला आणि मुठीतल्या किल्ल्या खळकन वाजल्या.

दिव्यानं झटकन मान वळवली.

"आई," ती म्हणाली.

दाराआडचा नुसता आवाज ऐकून. कुणी न शिकवता. याच दिवसासाठी संचितानं जिवाचं रान केलं होतं. पण पोरीच्या तोंडावरचं हसू पार मावळलं होतं. तिनं मशीन स्वतःच्या हातानं काढलं, कपाटाशी गेली आणि चकती चिकटवली. टक्.

"अगो, रोज रोज नको असं करू. कष्टी होते आई," मंदाबाई पुटपुटल्या. पण ऐकायला होतं कोण?

संचिता आत आली. मंदाबाई गडबडून उठल्या.

"घाम आलेला गो कानामागे. मीच..."

"आई, राहू द्या." संचिताला पुढं बोलवेना. इतके महिने या बाईनं नातीचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता आणि आपण तिला पाण्यात पाहिलं!

दिव्या कागदावर मान घालून बसली होती. सवयीनं संचिताचा हात तोंडाकडे गेला. तो तिनं खाली घेतला. मग पोरीच्या मघाच्या जागी, भिंतीकडे तोंड करून ती बसली.

"वाजवा आई. मी ओळखते."

मंदाबाईंनी एक डबा उचलून खुळखुळवला.

"शेंगदाणे?"

"चूक," मंदाबाई म्हणाल्या आणि पुन्हा डबा वाजवला.

"मग... चणे?"

"चूक!"

संचिताला खरंच ओळखता येत नव्हतं. एवढ्यात मागं कपाटाशी काहीतरी खुट् झालं. तिनं वळून पाहिलं नाही.

"साबुदाणा?" तिनं विचारलं.

"तूक!" पाठीमागून दिव्या ओरडली.