काचांच्या ओढणीवर आठ मिनिटं

० मिनिटं

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी, सूर्यावरून थोडा उजेड निघाला.

त्याच वेळी दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर बसंतीबाईंनी घराचं पुढचं दार लावून घेतलं. आत बाजेवर त्यांची सून रंजिता. सातवा महिना.

रंजिता शाळेत विज्ञान शिकवायची. ग्रहणाचे चष्मे तिनंच मागवले होते. ते घेऊन नवरा प्रेम तांड्यातल्या पोरांबरोबर माळावर गेला. कसं दिसलं ते आल्यावर तुले सांगतो ना, असं वर चिडवूनही गेला.

३ मिनिटं

उजेड बुधाच्या वाटेपर्यंत आला.

बाहेर जाणार नाही, ग्रहण पाहणार नाही, असा शब्द रंजितानं सासूला दिला होता. पटलं म्हणून नव्हे. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं, तेव्हा ही बाई महिनाभर तिच्या उशाशी बसून होती. एकदाही काही न विचारता. तेव्हापासून रंजिता तिला याडी, म्हणजे आई, म्हणायची. तिच्याशी वाद कसा घालायचा?

सकाळीच लोहाची गोळी घेताना रंजितानं सांगितलं होतं की यातलं लोखंड सूर्य जन्मायच्या आधी कुठल्यातरी ताऱ्यात शिजलं. मंग एवढं कडू काहून, असं बसंतीबाईंनी विचारलं होतं.

६ मिनिटं

उजेड शुक्राची वाट ओलांडून पुढे.

बसंतीबाईंनी पेटीतून आपल्या लग्नातली ओढणी काढली. नखाहून लहान आरशाच्या काचा, ओळीनं टाचलेल्या. ती त्या सुनेच्या पोटावर घडी-घडीनं पसरू लागल्या. काच वाईट नजरेला माघारी धाडते, मग ग्रहणालाही धाडेल, असा त्यांचा हिशेब.

पुढचं दार पूर्वेला. सूर्य केव्हाच घरामागं उतरला होता, आणि मागचं दार शेळीसाठी अर्धवट उघडं होतं. घाईत हे ध्यानातच आलं नाही.

८ मिनिटं

चंद्राच्या कडेला घासून

मागच्या दारातून

पट्टीसारखा

ओढणीवर

आणि काचांवरून दाराशेजारच्या अंधाऱ्या भिंतीवर.

सूर्य. एक नाही, चाळीस-पन्नास. आणि प्रत्येकाचा एकाच बाजूनं घास घेतलेला.

रंजितानं ते पाहिलं आणि गच्च डोळे मिटले. शब्द दिला होता.

बसंतीबाई भिंतीपाशी गेल्या. एक सूर्य तळव्यानं झाकायला गेल्या, तर तो हाताच्या पाठीवर चढला. पुसला जाईना.

"चावलेले काहून हायेत?"

"चंद्र मंधात आला, याडी." डोळे तसेच मिटलेले. "तुमी पुढचं दार लावत होत्या ना, तवा हा उजेड तिकून निघाला."

"मी दार लावलं तवा?"

"हो. आता पोचला."

बसंतीबाईंनी पुढच्या दाराकडे वळून पाहिलं. रंजिताचा श्वास वर-खाली होत होता, तसे भिंतीवरचे सगळे सूर्य हळूहळू वर चढत, खाली येत. सासू काय म्हणेल याची वाट पाहत ती मिटल्या डोळ्यांनी पडून राहिली.

तेवढ्यात पोटात लाथ बसली.

भिंतीवरचे पन्नास सूर्य एकदम उडाले.

बसंतीबाई बाजेवर येऊन बसल्या. त्यांनी सुनेच्या कपाळावरून हात फिरवला.

"डोये उघड," त्या म्हणाल्या. "पोटातल्यानं हात लावला सूर्याले. तू काहून मांगं राह्यतं?"