निबंधाखालची ओळ

महाडला एका दिवसाचं प्रशिक्षण झालं, चहा-समोसा झाला, आणि संध्याकाळी मी कृत्रिम बुद्धिमत्तेची तज्ज्ञ होऊन पोलादपूरला परत आले. घ्या! तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारी बाई मी. कायम नोकरीवाल्यांना जायचा कंटाळा, म्हणून मुख्याध्यापकांनी मला पिटाळलं होतं.

पण शिकवलं मात्र मनापासून, खोटं कशाला बोलू. आठवीच्या पोरांना म्हटलं, मोबाईलमधल्या त्या यंत्राला खुशाल विचारा, पण ते सांगेल ते पडताळून बघा. लिहायचं ते आपल्या शब्दांत. आणि मदत घेतली असेल तर निबंधाखाली एक ओळ लिहा, काय विचारलं ते. "लपवलं की ती चोरी," असं मी फळ्यावर लिहिलं. शिवाय दोन रेघाही मारल्या त्याच्याखाली. हौस दांडगी!

मग तालुक्याची निबंध स्पर्धा लागली. विषय हाच, जबाबदार वापर. निबंध घरून लिहून आणायचा आणि पहिला येणारा जिल्ह्याला अलिबागला जाऊन स्टेजवर वाचणार. उमरठकडून एसटीनं येणाऱ्या माझ्या आठवीतल्या दीक्षाला तिथं जायचंच होतं. पोरगी मधल्या सुट्टीत डबा सोडून माझ्यापुढं उभी राहून वाचायची. आवाज असा खणखणीत की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून जायचे.

आणि काय लिहिलं होतं हो तिनं! तिनं यंत्राला विचारलं, आमच्या डोंगरउतारावरच्या नाचणीला काय करावं. यंत्रानं ऐटीत सांगितलं, कालव्याचं पाणी द्या. तिचे आजोबा श्रीपत पोट धरून हसले. "डोंगरावर कालवा? त्याला म्हणावं, तू ये नि खण!" मग आजोबांनी नाचणीचं सगळं सांगितलं, ते तिनं लिहिलं. शेवटी म्हटलं, यंत्राला पुष्कळ माहीत असतं, पण आमचा डोंगर त्यानं पाहिलेला नाही. खाली ओळ होती: "एक प्रश्न यंत्राला विचारला. उत्तर चुकलं. बाकी माझं."

चौसष्ट निबंध आले होते तालुक्यातून. खाली ओळ असलेला एकच.

बक्षीस समारंभात परीक्षकांनी तोच एक वर धरला. तिचं नाव घेऊन माईकवर म्हणाले, "या विद्यार्थिनीनं यंत्राची मदत घेतल्याचं स्वतःच कबूल केलंय. म्हणून बाद. अशानं पिढी बिघडते." टाळ्या पडल्या. मग पहिला आलेला निबंध वाचला गेला. त्यात तो मुलगा म्हणत होता, मी रोज मेट्रोनं शाळेत जातो. पोलादपुरात मेट्रो! चारशे माणसं बसली होती, एकालाही हसू फुटलं नाही. यालाच म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी उठायला हवं होतं. माईक हिसकावून म्हणायला हवं होतं, अहो, हेच तर शिकवलं आम्ही! पण जूनमध्ये माझ्या तासिका पुन्हा लावायच्या की नाही ते मुख्याध्यापकांच्या हातात, आणि ते परीक्षकांच्या शेजारी बसले होते. बसून राहिले मी. लाज वाटते सांगायला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, शाळेचं नाव गेलं. त्या मुलीकडून माफीनामा लिहून घ्या, पालकाच्या सहीनं."

श्रीपतबाबा कामाचा खाडा करून आले. सही करायच्या आधी माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, पोरीनं खरं लिवलं ना? मंग माफी कसली हाय ही?"

"बाबा, नियम आहे," मी म्हटलं. कसला डोंबलाचा नियम! त्यांनी सही केली आणि दारात जाऊन उभे राहिले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुख्याध्यापकांनी माफीनामा वाचला. "माझ्या हातून घडलेल्या अक्षम्य चुकीची मला तीव्र जाणीव झाली असून," वगैरे वगैरे, पानभर. वाचता वाचता त्यांचा आवाज मऊ झाला. "बघा मॅडम! याला म्हणतात स्वतःच्या शब्दांत लिहिणं. काळजातून आलंय. फाईलला लावा हा."

मी कागद घेऊन बाहेर आले. दीक्षा व्हरांड्यात उभी होती. रडलेली वगैरे काही नव्हती. माझ्या हातातल्या कागदाकडं बघून तिनं हळूच विचारलं, "आवडला सरांना?"

"आवडला गो."

"बाई, हा मी नाय लिवला. मला सुचेचना, माफी कशाची मागायची ते. मग मोबाईललाच सांगितलं, त्यानं सगळा लिहून दिला. मी नुसता उतरवला." तिनं दप्तरातून पेन काढलं. "आता खाली ओळ लिहू?"

आत मुख्याध्यापक कुणाला तरी फोनवर मोठ्यानं सांगत होते की प्रकरण मिटलं.

"नको," मी म्हटलं. मीच म्हटलं.