गालापुरती चरबी

"माझ्या पोटातली घ्या ना, डॉक्टर. हवी तेवढी घ्या!" मा इन्यांग झग्यावरून पोट थोपटत म्हणाल्या.

डॉक्टर एफिओम हसले. "दुसऱ्याची चालत नाही, मा. जिचा गाल, तिचीच चरबी लागते. आणि ही पोर म्हणजे नुसती काडी. तीन महिन्यांनी या."

पोर म्हणजे त्यांची नात अरित, बावीस वर्षांची. डावा गाल आणि कानावरचा भाग भाजलेला. कातडी ताठ, केस नाहीत. पोटातली चरबी काढून, गाळून अशा वणाखाली भरली की कातडी मऊ पडते, पुढे तिथे केसही लावता येतात. कॅलाबारच्या या दवाखान्यात सहा वर्षं मी या कामाचे ट्रे मांडते आहे. स्वतःचं पोट देऊ करणारी आजी पहिलीच.

मा इन्यांगचा जन्म गेला नवरीमुलींना पुष्ट करण्यात. इथे अंगाने भरलेली नवरी देखणी मानतात, म्हणून लग्नाआधी मुलगी त्यांच्या खोलीत येऊन राहायची. काम करायचं नाही, खायचं आणि अंग चोळून घ्यायचं. अशाच एकीचं जेवण रांधताना त्यांच्या हातून उकळत्या पामतेलाचं पातेलं कलंडलं. शेजारी सहा वर्षांची अरित खेळत होती. खोली तेव्हापासून बंद. आताही नातीचा रुमाल बांधताना म्हातारीने डाव्या गालाला बोट लागू दिलं नाही.

"खोली उघडते," त्या म्हणाल्या.

"आणि नवरा कुठाय?" अरित फणकारली. "बाजारातला गाळा सोडून मी तिथं फुगत बसू?"

"बस गुमान. या खेपेला नवरा नको."

तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या चिमटीत पोट आलं. "वा! काय खाल्लंस?"

"अळकुड्यांचं एकपांग, मासे आणि आजीच्या शिव्या," अरित म्हणाली.

चरबी काढून झाल्यावर मा इन्यांगनी पिवळ्या सिरिंजा पाहिल्या. "इतकीच?"

"त्यातलीही निम्मीच टिकते," मी सांगितलं.

"टिकेल तेवढी टिकू दे, सिस्टर. कमी पडली तर मी आहे ना तिला खायला घालायला."

सहा महिन्यांनी दोघी तपासणीला आल्या. केस लावायचे अजून बाकी होते, पण हसताना अरितचा डोळा ओढला जात नव्हता. तिने रुमाल सोडला आणि डावा गाल आजीपुढे केला.

"बघ दाबून."

मा इन्यांगनी दोन्ही हात झग्याला पुसले. कोरडेच होते, तरी पुन्हा पुसले. मग सोळा वर्षांनी त्यांनी त्या गालाला हात लावला.