टेबलाच्या पायाखालची कमान

मित्रांनो, मी एक जुनं कोडबुक आहे. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खर्चाला सरकारी योजनेची मंजुरी मागवणाऱ्या विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम. प्रत्येक ऑपरेशनला एक ठरलेला क्रमांक असतो, त्याला कोड म्हणतात. आजार डॉक्टर ओळखतात; मंजुरी देणाऱ्या कॉम्प्युटरला मात्र फक्त कोड कळतो. असे हजारो कोड माझ्या पोटात आहेत.

मी छापखान्यातून आलो तेव्हा करकरीत होतो. त्या टेबलावरचे कारकून रुपरावजींनी पहिल्याच दिवशी मला खाकी कव्हर घातलं. दरवर्षी काही कोड बदलत, काही रद्द होत. रुपरावजी प्रत्येक बदल चिठ्ठीवर लिहून, डिंक लावून जुन्या ओळीवर चिकटवायचे. त्यामुळे मी फुगत गेलो, पण कधी चुकलो नाही. "बुकात असंल तेच खरं," असं सगळे म्हणायचे. खरं सांगतो, मी चांगलाच शेफारलो.

रुपरावजी निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर मिनल आली. मुलगी हुशार, पण डिंकाचा तिला भारी कंटाळा. यंदा महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनांचे कोड बदलले. ही वाहिनी हृदयाच्या वर कमानीसारखी वळते. आमच्या यादीत पूर्वी कमानीला एकच कोड होता. आता अर्धी कमान बदलली तर वेगळा आणि पूर्ण बदलली तर वेगळा. मिनलने हे सारं एका पिवळ्या कागदावर नीट उतरवलं आणि तो माझ्यात नुसता खोचला. "उद्या चिकटवते," म्हणाली. तो उद्या काही उगवला नाही.

एका गुरुवारी कुही गावच्या नानाजींची फाईल आली. त्यांची कमान फुगली होती, कधीही फुटू शकत होती. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं आणि मंजुरी पाचच्या आत हवी होती. मिनलने मला उघडलं. पिवळा कागद केव्हाच गळून पडला होता. जुनी ओळ मी मोठ्या ऐटीत पुढे केली आणि घाईत तिने तीच भरली.

तीन वाजता फाईल परत आली. कोड रद्द.

"काहून वापस आली मॅडम?" नानाजींची मुलगी गोपिका खिडकीशी आली. "बाबाले उद्या नेऊन राहिले ना? सकाळपासून इचारून राहिले ते मले."

"माझी चूक झाली ताई. थांबा जरा."

नवी यादी कॉम्प्युटरवर होती, पण नेमकं तेच पान उघडेना. मिनलने मला उलटं धरून झटकलं. कागद कुठे आहे हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कसा? इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

झाडू मारणाऱ्या वच्छलामावशी थांबल्या. "काय शोधून राहिली वं?"

"पिवळा कागद, मावशी."

मावशींनी जीभ चावली. "अवं माय! खाली पडला होता. टेबल हालत होता म्हणून म्याच घडी करून पायाखाली लावला."

दोघींनी टेबल उचललं. कागद मळला होता, अक्षरं शाबूत होती. मिनलने सर्जनना फोन लावला. "सर, कमान अर्धी की पूर्ण?" "पूर्ण," उत्तर आलं. पाचला दहा कमी असताना मंजुरी आली आणि गोपिका खिडकीच्या गजाला डोकं टेकून रडली.

पंधरवड्याने नानाजी घरी निघाले. जाताना मुद्दाम खिडकीशी थांबले. "माही कमान तुमच्या टेबलाखाली दबली होती म्हणते पोरगी!" ते हसले. मिनलला मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी तिने डिंकाची बाटली काढली आणि पिवळा कागद माझ्या जुन्या ओळीवर दाबून बसवला.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना जपा, असं मी सांगणार होतो. आता तसं म्हणवत नाही. मला नुसतं जपू नका, तपासा. चुकलो तर खोडा, वरून चिकटवा. आणि तेवढ्याचाही कंटाळा येत असेल, तर मलाच टेबलाच्या पायाखाली ठेवा. ते अजून हलतंय.