फोटोच्या पोटातला पत्ता

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या हातून एक चूक घडली, ती सांगतो.

२००८ साली नागसेनने मला कोल्हापुरात विकत घेतले. माझ्या कॅमेऱ्याचे त्याला फार कौतुक. मी कुठे आहे, हे मला उपग्रहांकडून कळत असे आणि ती जागा मी प्रत्येक फोटोच्या पोटात अंकांत लिहून ठेवी. नागसेनला हे ठाऊकच नव्हते.

त्याची बहीण अक्षता. नवऱ्याने, जोतीरामने, तिचा हात मोडला तेव्हा ती कागलहून पळून आली. भावाचे घर जोतीरामला माहीत होते. म्हणून नागसेनने तिला दूरच्या गल्लीत धोंडुबाई नावाच्या घरमालकिणीकडे खोली घेऊन दिली. सहा महिने जोतीराम तिला शोधत होता.

एका रविवारी गच्चीवर कुरडया घालताना अक्षता मनापासून हसली. नागसेनने तिचा फोटो काढला.

"इंटरनेटवर टाकतोस? गल्लीचं नाव लिवू नगंस."

"न्हाय लिवत की."

त्याने खरेच लिहिले नाही. मी लिहिले होते.

पुढच्या रविवारी भर दुपारी जोतीराम दारात आला. त्याचा आवाज ऐकताच अक्षता भिंतीला चिकटून खाली बसली. तिला भेटायला आलेल्या नागसेनने आतून कडी दाबून धरली. मी त्याच्या खिशात होतो.

बाहेर धोंडुबाई आडव्या उभ्या राहिल्या. "कोण पावणं? हितं तुमचं कोण न्हाय."

"खोटं बोलू नगंस, म्हातारे! तिच्या भावानं टाकलेल्या फोटोतच जागा घावली. ह्यो बघ नकाशा!"

त्याने दाराला लाथ घातली. वरचे बिजागर निखळले. नागसेनने माझ्यावरून पोलिसांना फोन लावला. धोंडुबाईंनी ओरडून गल्ली गोळा केली, तसा तो मागे सरला.

"कुठं बी लपवा," तो म्हणाला. "पुन्यांदा हुडकतो."

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. त्याच दिवशी अक्षताने खोली सोडली. शिवणकामाचे नवे कामही सुटले. नागसेनने इंटरनेटवरून फोटो काढून टाकला, पण तोवर तो किती जणांकडे गेला, कोण सांगणार?

मित्रांनो, फोटो टाकण्याआधी त्यातला पत्ता पुसा. जागा नोंदवायची सोय बंद ठेवा. हसऱ्या चेहऱ्यामागे कोण काय शोधत असेल, सांगता येत नाही.

अक्षता आता कुठे राहते, मला ठाऊक नाही. तिला भेटायला जाताना नागसेन मला घरीच ठेवतो.