कोकिळाचे रिकामे हात

निवृत्ती मेला ही बातमी जानेफळात पोचली, तेव्हा निवृत्ती मेहकरच्या दवाखान्यात बाकावर बसून चहा पीत होता.

दोष कचरूचा, आणि कचरूवर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्या गावाचा. त्या साली कपाशीवर औषध फवारायला विमान येऊ लागलं होतं. गावाबाहेरचा माळ सपाट करून धावपट्टी केली आणि तिच्यावरची गुरं हाकलायला, टोकाला लाल झेंडा घेऊन उभं राहायला निवृत्तीला नेमलं. त्या दिवशी विमान उतरता उतरता त्याचं चाक मऊ मातीत रुतलं आणि ते कलंडत थेट निवृत्तीच्या अंगावर आलं. झेंडा टाकून त्यानं नालीत उडी मारली. विमान डोक्यावरून गेलं आणि उलथं पडलं. पायलटचा हात मोडला, निवृत्तीचे गुडघे फुटले, बाकी काही नाही. त्यानंच पायलटला ओढून बाहेर काढलं. माळावर होते नव्हते तेवढे सगळे जीपमध्ये बसून मेहकरला गेले.

कचरू लांब बकऱ्या चारत होता. विमानाखाली लाल फडकं दिसलं, ते त्याला रक्त वाटलं, आणि तो बोंबलत गावाकडे सुटला. चार माणसं माळावर धावली तर तिथं कुणीच नाही. म्हणजे मुडदा जीपनं नेला, असं शहाण्यांनी ठरवून टाकलं. मेहकरला जाऊन पाहून यावं, हे त्यातल्या एकालाही सुचलं नाही.

संध्याकाळी निवृत्ती परतला, तर घरासमोर बायकांचा आक्रोश. तो लगबगीनं दाराशी गेला.

“काऊन वं, कोन गेलं?” त्यानं दारातल्या म्हातारीला विचारलं.

म्हातारीनं वर पाहिलं आणि किंचाळत पळाली. मग कुणी त्याचे पाय सुलटे आहेत का ते पाहिलं, कुणी चिमटा काढून बघितला. ज्यांनी त्याला लहानाचा मोठा केला ते चुलते, भगवंतराव, गळ्यात पडून ढसाढसा रडले. साखर वाटली गेली. निवृत्तीलाही हसू आवरेना.

मग त्याला कोपऱ्यात कोकिळा दिसली. त्याची बायको. कपाळ पुसलेलं, हात रिकामे, उजव्या मनगटाला चिंधी. चिंधी रक्तानं भिजली होती. त्याचं हसू तिथंच संपलं.

दुपारभर ती एकच सांगत होती, “मयत पाह्यल्याशिवाय मी हात देत नाई! माहा नवरा मेला नाई!” पण चुलतसासू सत्यभामाबाई घाईला आल्या होत्या. दोघींनी तिला दाबून धरलं, तिसरीनं बांगड्यांवर दगड घातला. काच मनगटात शिरली. मंगळसूत्र तेवढं तिनं दातांत धरून वाचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भगवंतरावांनी कडूबा कासाराला बोलावलं. हिरवा चुडा, नारळ, हळद, सगळा थाट. झालं गेलं एकदाचं धुऊन टाकायचं होतं. कोकिळानं उठल्या उठल्या कुंकू स्वतःच्या हातानं लावलं होतं. पण कडूबानं हात मागितला, तसे तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

“भरत नाई.”

“काऊन वं?” सत्यभामाबाई कडाडल्या. “जित्या नवऱ्याची बायको अन् रिकाम्या हातानं? अभद्र दिसते.”

“काल मी नाई म्हनत होती, तं वढून घेतले हात. आज तुमच्या मनात आलं तं पुढं करू? हात माहे आहेत का गावाचे?”

“चूक झाली पोरी,” भगवंतराव नरमाईनं म्हणाले. “पन लोक काय म्हनतीन?”

“लोक काल म्हनत होते, तुमचा पुतन्या मेला. आता लोकायचं मले नका सांगू, मामाजी.”

कडूबा मान खाली घालून टोपलीत उगाच काहीतरी शोधू लागला. भगवंतरावांचा पारा चढला. त्यांनी चुडा उचलून निवृत्तीच्या हातात कोंबला.

“तू नवरा आहेस ना बे? भर तिच्या हातात. मी सांगून राह्यलो.”

चुलत्यासमोर निवृत्तीनं आजवर मान वर केली नव्हती. ते बोट दाखवतील तिकडे तो गेला होता. विमान अंगावर आलं तेव्हाही त्याला इतका घाम फुटला नव्हता. कालचं त्यांचं रडणं खरं होतं, तेच आता जड जात होतं. पण ती चिंधी नजरेसमोरून हलेना. अख्ख्या गावात एकटी ही बाई म्हणत होती की निवृत्ती जिवंत आहे, आणि तिलाच सगळ्यांनी दाबून धरलं होतं. त्याला संताप आला, जन्मात पहिल्यांदा, आणि संताप येऊन त्याला बरं वाटलं.

त्यानं चुडा कडूबाच्या टोपलीत परत ठेवला.

“नाई, काकाजी. तिले वाटन तवा ती भरन. नाई वाटलं तं नाई. मी जिता आहो हे सांगाले बांगड्या कायले पाह्यजेत? मी आहो ना.”

“बायकोचा बैल झाला!” म्हणत भगवंतराव काठी आपटत बाहेर पडले.

मोडलेलं विमान पाहायला साहेब लोक येणार होते, म्हणून तो माळाकडे निघाला. कोकिळा भाकरीची टोपली घेऊन त्याच्याबरोबर निघाली.

“पदराखाली तरी झाक वं हात!” सत्यभामाबाई दारातून ओरडल्या.

कोकिळानं पदर कमरेला खोचला, टोपली डोक्यावर घेतली आणि भर बाजारपेठेतून चालू लागली. चार भाकरींची टोपली, एक हातही पुरला असता. तिनं दोन्ही हात वर धरले.